सूर्यास्ताची तारीख

खोकी उघडताना चष्मा नाकावर असावा, डोक्यावर नव्हे, हे ओडेसा टॉलिव्हरला एकाहत्तराव्या वर्षी कळलं. तोवर साडेअकरा वाजून गेले होते आणि नदीकाठच्या पार्कातल्या मंडपात लहानथोर सगळे टॉलिव्हर नवा पिवळा शर्ट घालून हिंडू लागले होते.

कळलं तेही स्वतःहून नाही. अलाबामाहून मुलाच्या गाडीने आलेली चुलत बहीण लुसिंडा काठी टेकत आली आणि ओडेसाच्या गळ्यात पडून रडायलाच लागली.

"गेला तो गेला, ओडेसा," ती म्हणाली. "पण मला एक फोन करायला काय झालं होतं गं? काळे कपडे तरी आणले असते मी."

"कोण गेला?"

लुसिंडाने बोट ओडेसाच्याच छातीवर टेकवलं.

ओडेसाने डोक्यावरचा चष्मा खाली ओढला, शर्ट पुढे ताणून धरला आणि वरून उलटं उलटं वाचलं. सर्वांत वर कमानीत 'टॉलिव्हर कुलसंमेलन'. मध्ये लिअँडरचा हसरा चेहरा. चेहऱ्यामागे ढग, ढगांत दोन पांढरी कबुतरं. आणि खाली रिबिनीवर बारीक अक्षरांत: सूर्योदय, ९ मार्च १९८८. सूर्यास्त, १९ जुलै २०२४.

आमच्यात अंत्यविधीच्या पत्रिकेवर जन्म आणि मृत्यू असे कोरडे शब्द छापत नाहीत. सूर्योदय आणि सूर्यास्त छापतात. चालत्याबोलत्या माणसाला सूर्यास्ताची तारीख नसते. आणि लिअँडर, ओडेसाच्या दिवंगत थोरल्या भावाचा एकुलता एक मुलगा, चांगला जिवंत होता. तारांनी बांधलेल्या जबड्यासकट जिवंत होता आणि अर्ध्या तासात बायकोबरोबर इथं येणार होता.

ओडेसाने हर्शेलला फोन लावला. संमेलनाचे शर्ट गेली बावीस वर्षं हर्शेलच छापतो. गावात कुणाचं बरंवाईट झालं की त्याच्या चेहऱ्याचे शर्टही तोच छापतो, आणि अलीकडे दुसरंच काम जास्त असतं.

"ओडेसाताई, आधी मला तुमच्या दुःखात सहभागी..."

"तुझं दुःख घाल चुलीत! माझा भाचा जिवंत आहे."

पलीकडे छपाईयंत्र बंद झालं. मग हर्शेल हळूच म्हणाला, "फॉर्मवर चेहरा होता. चेहऱ्याखाली दोन तारखा होत्या. ताई, दोन तारखा कोण देतं?"

"एक जन्माची. दुसरी पोलिसांनी त्याचा जबडा मोडला त्या दिवसाची."

"हे फॉर्मवर कुठं लिहिलंय?"

लिहिलं नव्हतं. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात रोज चारशे मुलांना जेवू घातलेली, कधी एक ताट कमी पडू न दिलेली ही बाई एका फॉर्मवर चार शब्द लिहायला विसरली होती.

"आणि खोक्यांबरोबर आलेली ती फुलांची परडी?" तिने विचारलं.

"ती माझ्याकडून," हर्शेल म्हणाला.

परडी जेवणाच्या टेबलावर, मॅकरोनीच्या दोन भांड्यांच्या मध्ये, मोठ्या थाटात बसली होती. सकाळपासून चार जणींनी तिचं कौतुक केलं होतं. ओडेसाने कपाळावर हात मारला.

तिला राग हर्शेलचा नव्हता, स्वतःचाही तेवढा नव्हता. शंभर माणसांनी ते बारीक अक्षर वाचलं होतं. वाचलं, गिळलं आणि माणसं बटाट्याच्या सॅलडकडे वळली. प्रत्येकाला वाटलं, समितीने विचार करूनच छापलं असणार. आमच्यात समितीला प्रश्न विचारत नाहीत. समिती म्हणजे ओडेसा.

"मी सकाळीच पाहिलं," शनीस म्हणाली. शनीस ही ओडेसाची धाकटी मुलगी, एकोणतीस वर्षांची. गेले तीन आठवडे गावातला प्रत्येक मोर्चा तिने काढलेला. तिचा घसा बसला होता, डोळे तांबारले होते, आणि शर्टावर लिअँडरचा चेहरा हवा ही कल्पनाही तिचीच.

"पाहिलंस, मग दातखीळ बसली होती तुझी?"

"आई, जरा विचार कर. तो वाचला हा काय त्यांचा उपकार? त्यांच्याकडून कसर राहिली नव्हती. सोमवारी नगर परिषदेत सुनावणी आहे. हेच शर्ट घालून एकशेबारा माणसं जाऊन बसू. बघू दे त्यांना."

"माझ्या भाच्याला जिवंतपणी पुरून तू मोर्चा काढणार?"

"पुरलं मी नाही. फॉर्म तू भरलास."

आई आणि मुलगी दोघींचा आवाज चढला तसे लोक वळून पाहू लागले. मग ओडेसा बाकावर चढली आणि शाळेच्या स्वयंपाकघरातल्या आवाजात ओरडली, "सगळ्यांनी शर्ट उलटे घाला! आत्ताच्या आत्ता!"

शंभर माणसं शर्टांतून डोकी काढू लागली. कुणाचे कानातले अडकले, कुणाचा हात बाहीत राहिला. लुसिंडा म्हणाली, मी काही चारचौघांत कपडे बदलायची नाही, मरण आलं तरी चालेल. नेमक्या त्याच वेळी निळी व्हॅन पार्कात शिरली.

*

मर्सेलाच्या मांडीवर मिक्सर होता. गेले तीन आठवडे ती नवऱ्याला नळीने जेवू घालत होती आणि तीन आठवडे निम्मं गाव त्यांच्या दारात भांडी ठेवून जात होतं: तळलेली कोंबडी, भाजलेल्या बरगड्या, मक्याचा पाव. ज्याला चावता येत नाही त्याला सगळं चावायचं. माणसं मनाने चांगली, त्यामुळे त्यांच्यावर खेकसताही येत नव्हतं.

आणि ज्याला त्याला लिअँडरच्या वतीने बोलायचं होतं. पाद्रीबुवा रविवारी बोलले, वकील टीव्हीवर बोलला, शनीस तर चौकाचौकात बोलली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो यालाच. बुक्के पोलिसांचे आणि तोंड डॉक्टरांनी दाबलेलं.

झालं होतं ते एवढंच. लिअँडर एसी दुरुस्त करतो. एका गिऱ्हाइकाचं काम संपवून तो घरासमोर व्हॅनमध्ये बसून कामाचा कागद भरत होता. कुणीतरी फोन केला की गाडीत एक अनोळखी काळा माणूस बसलाय. दोन पोलीस आले. कागद अर्धाच राहिला.

समोरच्या घराच्या दारावर कॅमेरा होता, पण मध्ये व्हॅन आल्याने त्यात चित्र आलं नाही. आवाज आला. एकच वाक्य, चार वेळा, खणखणीत: "प्रतिकार करू नकोस!" लिअँडरचा आवाज कुठेच नाही. पोलीसप्रमुखांनी दुसऱ्याच दिवशी ते ध्वनिमुद्रण साऱ्या गावाला ऐकवलं. मोर्चे निघाले, मेणबत्त्या लागल्या, तरी किराणा दुकानाच्या रांगेतली बाई मर्सेलाच्या तोंडावर म्हणालीच, "ऐकलं ना आपण. काहीतरी केलंच असेल त्याने." सोमवारी नगर परिषदेपुढे कुणालाही तीन मिनिटं बोलता येणार होतं. मग मतदान. बाहेरच्या लोकांकडून चौकशी करायची, की पोलीसप्रमुखांचा अहवाल मान्य करून फाईल बंद करायची.

"आज कुणी त्यातलं काही बोललं ना," मर्सेला व्हॅनमधून उतरता उतरता म्हणाली, "तर मी हा मिक्सर त्याच्या डोक्यात घालीन."

लिअँडर नुसता नाकाने हसला. ओठ हलवून दातांच्या फटीतून त्याला बोलता यायचं, पण एकेका शब्दाला कष्ट पडायचे. तो मंडपाकडे चालत गेला. समोर एक थोराड चुलता शर्टात हात अडकवून उभा होता आणि लिअँडरचा स्वतःचा चेहरा त्याच्या पोटावर अर्धवट दुमडलेला होता. लिअँडरने तो नीट सरळ केला. ढग पाहिले. कबुतरं पाहिली. खालचं वाचलं.



"म्हणजे हे माझ्या अंत्यविधीचं जेवण," तो दातांतून म्हणाला. "मग मला जरा उशीरच झाला."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच रडलं. ओडेसा धावत आली. "लेकरा, माझी चूक. तो फॉर्म, तो मूर्ख हर्शेल, त्या दोन तारखा..."

"आत्या, माझा शर्ट कुठंय?"

ओडेसाने खोक्यांकडे पाहिलं. समितीच्या यादीत एकशेबारा नावं होती, मापासकट. पाळण्यातल्या तान्ह्याचंही होतं. ज्याचा चेहरा छापायचा त्याला शर्ट लागेल, हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"वा," लिअँडर म्हणाला.

मर्सेलाने मिक्सर टेबलावर आदळला. "तुम्हा टॉलिव्हरांना माणूस नको असतो. चेहरा द्या आणि सभा द्या, झालं. तीन आठवड्यांत एकानं तरी विचारलं का याला, रात्री झोप लागते का रे तुला?"

"वहिनी, मी रोज सहा तास उन्हात तापते ते कुणासाठी?" शनीस उसळली. "दादा, तूच सांग. शर्ट खोटं सांगतोय का? त्यांना हेच हवं होतं ना?"

"शनी." लिअँडरने श्वास घेतला. "तू घोषणा झकास लिहितेस. पण तुझ्या प्रत्येक घोषणेत मी खाली पडलेला असतो."



*

वेंडेल हे सगळं मंडपाच्या मागून ऐकत होता. ओडेसाचा हा धाकटा भाऊ, लिअँडरचा काका, शनीसचा मामा. वय चौसष्ट. याच गावात अठ्ठावीस वर्षं पोलिसात होता, सार्जंट होऊन निवृत्त झाला. पिवळा शर्ट त्याने घातलाच नव्हता. त्याच्या अंगात मागच्या वर्षीचा हिरवा होता, आणि त्याबद्दल त्याला कुणी विचारलं नव्हतं. हल्ली त्याला कुणी काही विचारतच नव्हतं. इस्पितळात तो एकदाच गेला होता आणि तिथं त्याच्या तोंडून गेलं होतं, "तू त्यांना काय म्हणालास?" मर्सेलाने त्याला तिथूनच वाटेला लावलं होतं.

चुकलं होतं, त्यालाही कळत होतं. पण अठ्ठावीस वर्षं ज्या प्रश्नाने सुरुवात केली तो आपोआप जिभेवर येतो.

आता तो आपलं दरवर्षीचं काम मांडत होता. गवतावर घडीची खुर्ची आणि खुर्चीवर कागदी ताटली. त्या वर्षी ज्याला सोळावं, म्हणजे गाडी चालवायचं वय, लागलं असेल त्याने खुर्चीत बसायचं, ताटली स्टिअरिंग म्हणून धरायची, आणि वेंडेल गाडी अडवणारा पोलीस होऊन खिडकीशी यायचा. हात कुठे ठेवायचे, काय म्हणायचं, कधी हलायचं नाही. टॉलिव्हरांच्या घरातला प्रत्येक मुलगा आणि पुढे प्रत्येक मुलगी त्या खुर्चीतून गेली होती. बायका याला 'वेंडेलची शाळा' म्हणायच्या. कुटुंबासाठी आपण काही केलं असेल तर हेच, असं वेंडेलला मनापासून वाटायचं. यंदा दोघी जुळ्या बहिणी होत्या, आणि त्यांची आई त्यांचे हात घट्ट धरून उभी होती.

"आज नको, वेंडेलभाऊ," ती म्हणाली.

"आज नको तर कधी?"

"मला बसू द्या, काका."

लिअँडर मागे येऊन उभा होता. त्याच्यामागे ओडेसा, मर्सेला, शनीस, आणि हळूहळू अख्खा मेळा.

"तुझं झालंय," वेंडेल म्हणाला. "वीस वर्षांपूर्वी."

"नापास झालो वाटतं. पुन्हा घ्या परीक्षा."

तो बसला. ताटली दोन्ही हातांत धरली. वेंडेलला नाही म्हणता आलं नाही. शंभर माणसं बघत होती.

"हात?" त्याने विचारलं.

"घड्याळातल्या दहावर आणि दोनवर."

"काच?"

"पूर्ण खाली."

"कागद मागितले तर?"

"आधी सांगायचं, कुठं आहेत. मग विचारायचं, काढू का. मग हळू काढायचे." लिअँडरच्या ओठांच्या कडेला थुंकी जमली. मर्सेलाने पुढे होऊन पुसली आणि मागे सरकली. "मी सांगितलं. विचारलं. 'साहेब' म्हणालो. पाच वेळा. काका, माझं इथपर्यंत काही चुकलं?"

"नाही."

"मोठ्यानं सांगा. इस्पितळात विचारत होतात ना?"

"नाही चुकलं!" वेंडेल खेकसला.

"उतर म्हणाले, उतरलो. पालथा पड म्हणाले." लिअँडर खुर्चीतून उठला आणि गवतावर पालथा झाला. मर्सेला ओरडली, "अरे तारा! जबडा!" तो गाल बाजूला करून पडला आणि दोन्ही मनगटं पाठीवर एकावर एक ठेवली. "पडलो. बेडी घातली, घालू दिली. आता इथून पुढचं शिकवा, काका. इथून पुढं तुम्ही कधी शिकवलंच नाही."

वेंडेलच्या कपाळावरून घाम चष्म्यात उतरला. शनीसने फोन वर धरला होता. ओडेसाने तो तिच्या हातातून काढून घेतला आणि आपल्या खिशात टाकला.

"माझे हात असे होते," खालून आवाज आला. "आणि तो माझ्या कानाशी ओरडला, प्रतिकार करू नकोस. मग लाथ. पुन्हा ओरडला, पुन्हा लाथ. मी तीन आठवडे एकच विचार करतोय. मी हललोच नव्हतो, तर तो कुणाला सांगत होता?"

उत्तर वेंडेलला माहीत होतं. ध्वनिमुद्रण पहिल्यांदा ऐकलं त्या संध्याकाळीच माहीत होतं. म्हणून तर तो तीन आठवडे दिवाणखान्यात पडदे ओढून बसला होता. ती लय त्याच्या ओळखीची होती. आधी वाक्य, मग थांबणं, मग वाक्य.

"उठ आधी," तो म्हणाला.

"सांगा."

"शेजाऱ्यांना," वेंडेल म्हणाला.

"काय?" ओडेसाने विचारलं.

"शेजाऱ्यांना सांगत होता, ताई! खिडकीतून बघणाऱ्याला धड दिसत नाही. ऐकू येतं. आधी ओरडायचं, मग हात चालवायचा. नंतर कुणी विचारलं की माणसं ऐकलेलं सांगतात. आता कॅमेरे आलेत, कॅमेरेही ऐकलेलंच सांगतात."

"हे कुठं शिकवतात, मामा?" शनीसचा आवाज एकदम लहान झाला होता.

"पुस्तकात नसतं. गाडीत शिकवतात, पहिल्या वर्षी. मला माझ्या सार्जंटने शिकवलं."

"आणि दादाला मारणाऱ्या त्या दोघांना?"

वेंडेलने खुर्चीची घडी घातली, पुन्हा उघडली. "मोठा जो आहे, त्याची पहिली दोन वर्षं माझ्या गाडीत गेली."

एका माणसाने इकडच्या खुर्चीत एक शिकवलं आणि तिकडच्या गाडीत दुसरं, आणि दोन्हीकडे तो चांगला शिक्षक होता.

"तू स्वतः कधी ओरडलास, मामा? समोरचा हललेला नसताना, असं?"

"दोनदा," वेंडेल म्हणाला. आकडा ताबडतोब आला.

लिअँडर उठून बसला. गालाला गवताची काडी चिकटली होती. "सोमवारी हे बोला. तीन मिनिटं लागायची नाहीत."

"बोललो ना आता. सगळ्यांसमोर बोललो."

"घरात कुणाला पटवायचं होतं, काका? घराला माहीत आहे."

"तुला कळत नाही! माझी सगळी माणसं तिथलीच आहेत. बायको गेली तेव्हा शवपेटी कुणी उचलली होती? त्यांनीच ना? मी तिथं उभा राहून काय सांगू, की आपण सगळे..." तो थांबला. "मला कुठंच तोंड दाखवायला जागा राहायची नाही."

"मला तोंडच राहिलं नाहीये," लिअँडर म्हणाला.

वेंडेल वळला आणि नदीच्या कुंपणाकडे चालू लागला. त्याला थांबवायला कुणी गेलं नाही. खुर्ची मात्र त्याच्या हातातच राहिली होती, आणि ती त्याच्या पायाला लागत लागत गेली.

*

दोन वाजता फोटो असतो. एक्केचाळीस वर्षांत तो चुकला नव्हता. एका वर्षी वादळ आलं तेव्हासुद्धा सगळे ओलेचिंब होऊन उभे राहिले होते. पावणेदोनला ओडेसाने जाहीर केलं की यंदा फोटो रद्द. फोटो काढणारा जावई शिडी घेऊन उभा होता, तो म्हणाला, "मग शिडी परत नेऊ?" आणि तिने त्याच्यावर नाहक आवाज चढवला.

तिचं जेवणाकडे लक्ष नव्हतं. पन्नास वर्षं ही माणसं एकत्र ठेवायची म्हणून तिने मीठमिरची जपून वापरली. कोण कुणाशेजारी बसणार, वेंडेलच्या नोकरीबद्दल कुणी बोलायचं नाही, मोर्चाबद्दल वेंडेलसमोर बोलायचं नाही. झाकून झाकून शेवटी हे. झाकणच उडालं होतं आणि तिला खरं तर थोडं हलकं वाटत होतं, याचाही तिला राग येत होता.

"आत्या, इकडे ये."

लिअँडर बाकावर बसला होता. मर्सेलाने पालेभाजीचं पाणी मिक्सरमधून काढून दिलं होतं, ते तो नळीने पीत होता. त्याने कामाच्या शर्टाच्या खिशातून जाड काळं पेन काढलं. एसीची जाळी बदलली की तिच्यावर तारीख टाकायचं पेन. आजच्या दिवशीही तो कामाचाच निळा शर्ट घालून आला होता.

"शर्ट सुलटा कर."

"कशाला बाबा आता..."

"कर तर."

ती झाडाआड जाऊन शर्ट सुलटा करून आली. लिअँडरने तिच्या पोटाजवळचं कापड ताणून धरलं आणि सूर्यास्ताच्या ओळीवरून पेन ओढलं. एकदा, मग पुन्हा एकदा, जाड. सूर्योदय राहू दिला.

"आता फोटो होऊ दे," तो म्हणाला.

लुसिंडा काठी आपटत दुसरी आली. "माझंही खोड. आणि नीट खोड हो, मघाशी तुझ्यासाठी मी खरंखुरं रडलेय."

मग रांगच लागली. पोरं गुदगुल्या होतात म्हणून हसत होती. थोराड चुलता श्वास रोखून पोट आत घेऊन उभा राहिला. पाळण्यातल्या तान्ह्याचं खोडताना ते पेनच तोंडात घालायला निघालं. प्रत्येक वेळी लिअँडर स्वतःच्या हसऱ्या चेहऱ्याखाली वाकायचा, रेघ मारायचा आणि म्हणायचा, "पुढचा."

शनीस आली तेव्हा मान खाली होती. "माझं मी खोडू?"

"नाही. हे मीच करणार." त्याने रेघ मारली. "सोमवारी मी बोलेन. असाच, दातांतून. तीन मिनिटांत निघेल तेवढं. माझं वाक्य तू पुरं करायचं नाहीस."

"आणि मध्ये अडकलास तर?"

"अडकेन. बसू दे त्यांना ऐकत."

शनीसने मान हलवली आणि शर्टाच्या बाहीला नाक पुसलं. मर्सेलाने तिला कागदी रुमाल दिला. दोघींमध्ये तीन आठवड्यांत झालेला हा पहिला व्यवहार.

रांग संपली. शिडीवरचा जावई ओरडला, उंच माणसं मागे, पोरं खाली. तेव्हा वेंडेल कुंपणाकडून आला. खोक्याच्या तळाशी त्याच्या नावाची चिठ्ठी लावलेला शर्ट उरला होता. हिरव्यावरच त्याने तो चढवला होता. पोटावर घट्ट बसला होता आणि लिअँडरचा चेहरा त्यामुळे रुंद दिसत होता. तो पुतण्यासमोर उभा राहिला आणि खोडायला सोपं जावं म्हणून शर्ट दोन्ही हातांनी ताणून धरला.

लिअँडरने पेन उघडलं नाही.

"तुमचं सोमवारी, काका," तो म्हणाला. "बोलून झाल्यावर."

पेन खिशात गेलं. वेंडेल काही क्षण शर्ट तसाच ताणून उभा राहिला. आता हा शर्ट काढून फेकणार आणि गाडीत बसून जाणार, असं ओडेसाला वाटलं. त्याने काढला नाही. तो मागच्या रांगेकडे, उंच माणसांच्या आड निघाला, तेव्हा ओडेसाने दंडाला धरून त्याला पुढे आणलं आणि लिअँडरच्या शेजारी उभं केलं.

"इथं," ती म्हणाली. "आणि हात खाली ठेव. वाचता आलं पाहिजे."

जावयाने तीन म्हटलं. लिअँडर तारा दाखवत हसला. एकशेबारा शर्टांपैकी एकशेअकरा शर्टांवर तो जिवंत होता. एका शर्टावर, त्याच्या अगदी खांद्याला खांदा लावून, तो सोमवारपर्यंत मेलेला होता.